सर्कलवर समोरचा चुकतो तेव्हा

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण)



संयोजकांनी अट घातली होती की प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं, पण नोकरी, मुलांचे मार्क आणि परदेश या तीन विषयांवर बोलायचं नाही. मी ग्रुपवर विषय कळवला, ‘सर्कल’. लगेच एकाचा मेसेज आला, ‘कुठलं? फ्रेंड सर्कल का?’ नाही. रस्त्यावरचं सर्कल. वर्तमानपत्रात ज्याला ‘वाहतूक बेट’ म्हणतात ते. आपण नाशिककर, आपल्याला पत्ताही सर्कलशिवाय सांगता येत नाही. जेहान सर्कलच्या पुढे, एबीबी सर्कलच्या अलीकडे, मुंबई नाक्याला वळसा घालून. आता हे बोलताना परदेशाचा उल्लेख टाळता येणार नाही. त्याचा दंड म्हणून मध्यंतरातलं आइस्क्रीम माझ्याकडून.

मी २००८ सालापासून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाच्या गावात राहते. १९६७ मध्ये सरकारनं ठरवून वसवायला घेतलेलं हे गाव. नकाशा पाहिलात तर गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद आठवेल. साधारण दर किलोमीटरला आडवा रस्ता, तसाच उभा रस्ता, आणि दोघे भेटतात तिथे सर्कल. अशी सुमारे १३० सर्कल एका गावात. माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत सात लागतात. म्हणजे जाऊन-येऊन रोज चौदा प्रदक्षिणा. नियमानं देवदर्शन करणाऱ्या आजीनेही इतक्या घातल्या नसतील.

प्रदक्षिणा शब्द मी गमतीनं वापरला नाही. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, म्हणून सर्कल आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं, देवळात फिरतो तसंच. आपल्याकडे मात्र काही स्कूटरवाले महादेवाची प्रदक्षिणा घालतात. अर्ध्यात जायचं आणि आलं तसं परत फिरायचं. उजवीकडे वळायला पूर्ण वळसा कोण घालणार!

तिथला नियम अगदी साधा आहे. सर्कलमध्ये शिरताना उजवीकडून जो येतोय, म्हणजे जो आधीपासून आत फिरतोय, त्याला आधी जाऊ द्यायचं. तुमच्यासमोर रस्त्यावर तुटक पांढरी रेघ असते, तिथे थांबायचं, फट मिळाली की शिरायचं. पण हा साधा नियमही १९६६ पर्यंत तिथे देशभर लागू नव्हता. त्याआधी बाहेरून येणारे आत घुसत राहायचे, आतल्यांना बाहेर पडायला जागा मिळायची नाही, आणि बाहेरचे वाट पाहत उभे. सगळे थांबलेले, प्रत्येकाची वाट दुसऱ्यानं अडवलेली. आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. इंजिनिअरिंगला हा धडा मी चित्रं काढून पाठ केला होता. पण तो खरा समजला मुंबई नाक्याला, दादाच्या गाडीत बसून, मागच्या गणपतीत.

मुद्दाम सांगते, आपल्याकडेही नियम आहे. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या केंद्राच्या रस्ता नियमांत लिहिलं होतं की ज्या चौकात वाहतूक कुणी नियंत्रित करत नाही आणि एखादा रस्ता मुख्य म्हणून ठरवलेला नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तुझं ते लंडन तिकडेच ठेव.” मी लंडनमध्ये राहत नाही, हे त्याला सतरा वर्षं सांगतेय.

तर मी तिथे गेले तेव्हा इथलं लायसन्स वर्षभर चालायचं. मग त्यांची परीक्षा द्यावी लागली. मला वाटलं, नाशिकची गाडी चालवणारी मी, घुसखोरीसाठी नापास होईन. झाले नापास, पण उलट्या कारणानं. सर्कलच्या रेघेवर मी थांबले ती थांबलेच. एक फट गेली, दुसरी गेली, तिसरीत ट्रक मावला असता, तरी मी आपली उभी. परीक्षकानं शेरा दिला: विनाकारण थांबून राहणे. तिथे किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, पण गंभीर चूक एक झाली की संपलं. माझी ती एक होती. शाळेत मी कधी नापास झाले नव्हते. बाई, तुम्ही साक्षीदार आहात. गाडीत बसून रडले.

मग शिकवायला एक साठीच्या बाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की दुसऱ्याच्या इंडिकेटरवर जाऊ नकोस, त्याच्या पुढच्या चाकांकडे बघ. इंडिकेटर म्हणजे त्या माणसाच्या मनात काय होतं ते. चाक म्हणजे तो आता काय करतोय ते. दोन्ही जुळलं तरच पाय उचल. आणि दुसरं त्या सांगायच्या ते तर मी आजही गाडीत पुटपुटते. तुझा रस्ता हुकला तर शांतपणे अजून एक फेरी मार. सर्कलला फेरीचे पैसे पडत नाहीत. शेवटच्या क्षणी दोन रांगा कापून बाहेर पडणाऱ्या माणसाला ही एवढीच गोष्ट कुणी सांगितलेली नसते.

सर्कलवर आपल्याला त्रास देणारे दोन प्रकारचे. एक मुजोर. डावीकडे दहा गाड्यांची रांग लागलेली असते, हा उजव्या रिकाम्या रांगेतून सुसाट पुढे येतो आणि तोंडाशी आडवा घुसतो. त्याला सगळं कळत असतं. दुसरा गोंधळलेला. त्याला काहीच कळत नसतं. मी अनेक वर्षं यांना ओळखायला शिकत होते. गोंधळलेल्याच्या ब्रेकचे दिवे विनाकारण लुकलुकतात. त्याची मान पाटी वाचायला वर गेलेली असते. वेग कमी, पण गाडी रांगेच्या मधल्या रेघेवर. नंबर बाहेरगावचा. त्र्यंबकेश्वरला निघालेल्या, एमएच १५ सोडून बाकी कुठल्याही नंबरच्या गाडीमागे पाच मिनिटं राहून बघा, सगळी लक्षणं एकत्र सापडतील.

आणि तिसरा, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे आपल्या मागचा. सर्कलच्या रेघेवर आपण उभे असतो. मागचाही उजवीकडेच बघत असतो. त्याला फट दिसते, त्याला वाटतं आपणही ती पाहिली आणि गेलो. तो पाय उचलतो आणि धाडकन आपल्या डिकीत. मला २०१२ मध्ये अशीच एकानं ठोकलं. भला माणूस, दहा वेळा सॉरी म्हणाला. त्यामुळे ही एक सूचना लक्षात ठेवाच. उजवीकडे बघून झालं की निघण्याआधी एकदा समोर बघा, पुढची गाडी खरंच गेली का.

आमच्या क्षेत्रात एक जुनं तत्त्व आहे. इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्यांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये ते मांडलं. त्याचा भावार्थ असा की, तुम्ही दुसऱ्या मशिनला जे पाठवाल ते काटेकोर पाठवा, पण दुसऱ्याकडून जे येईल ते थोडं वेडंवाकडं असलं तरी सांभाळून घ्या. मी बावीस वर्षं हेच काम करतेय. समोरून आलेला डेटा चुकीचा असेल तर आपला प्रोग्रॅम कोसळता कामा नये. ज्युनिअर मुलं येऊन म्हणतात, “पण मॅडम, त्यांनी चुकीचं पाठवलं!” मी म्हणते, पाठवलं ना, मग आता तू काय करणार ते सांग.

इंग्लंडच्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात सर्कलच्या प्रकरणात नेमकं हेच सापडलं तेव्हा मला गंमत वाटली. कुणाची गाडी दोन रांगांवर पसरलेली असेल, कुणी चुकीच्या रांगेत असेल, त्याच्याकडे लक्ष ठेवा आणि त्याला भरपूर जागा द्या, असं नियमच सांगतो. म्हणजे दुसरा नियम मोडणार हे नियमातच धरलेलं आहे. तेच पुस्तक असंही म्हणतं की हॉर्न हा फक्त ‘मी इथे आहे’ एवढं कळवायला, राग काढायला नाही. परीक्षेसाठी हे सगळं मी पाठ केलं होतं.

आता खरं सांगायचं ते.

२०१६ चा नोव्हेंबर. संध्याकाळी साडेचारलाच अंधार, वर पाऊस. लेक सात वर्षांची, मागे बसलेली. मी ऑफिसमध्ये भांडून निघाले होते. सर्कलमध्ये मी डाव्या रांगेत, मला सरळ जायचंय. माझ्या उजव्या हाताला, किंचित पुढे, एक चंदेरी छोटी गाडी. इंडिकेटर उजवीकडचा. ब्रेकचे दिवे तीनदा लुकलुकलेले मी पाहिले. गाडी रेघेवर डुलतेय हेही पाहिलं. लक्षणं सगळी होती, आणि मला ती वाचता येत होती. तरी मी मागे राहिले नाही. माझी रांग, माझा हक्क. आणि ती गाडी तशीच उजवा इंडिकेटर लावून डावीकडे माझ्यासमोर आली.

करकचून ब्रेक. लेकीचा डबा पुढच्या सीटवर येऊन आदळला. कुणाला काही झालं नाही. गोष्ट इथे संपायला हवी होती.

मी हॉर्नवर हात ठेवला तो उचलला नाही. दिवे मारले. पुढच्या सर्कलपर्यंतचा तो किलोमीटर मी त्या गाडीच्या अगदी पाठीला लागून गेले. तिला दाखवून द्यायचं होतं. पुढच्या सर्कलच्या रेघेवर ती गाडी थांबली. रस्ता मोकळा होता. ती हलेना. मी पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. आणि त्या हॉर्ननं दचकून ती गाडी निघाली, नेमकी तेव्हा उजवीकडून एक व्हॅन येत असताना. व्हॅनवाल्यानं ब्रेक दाबला, व्हॅन ओल्या रस्त्यावर घसरत आली. दोघांमध्ये हातभर अंतर राहिलं असेल. व्हॅनचे दिवे त्या छोट्या गाडीच्या खिडकीतून आरपार गेले आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर पांढऱ्या केसांचं एक डोकं दिसलं.

ती गाडी पुढच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वळली. मलाही दूध घ्यायचं होतं, मीही वळले. ती दोन रांगा सोडून उभी राहिली, दोन खुणांच्या मध्ये, तिरकी. आत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. उजवा इंडिकेटर अजून चालूच होता. मी लेकीला उतरवलं, दूध घेतलं, ब्रेड घेतला, रांगेत उभं राहून पैसे दिले. परत आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. इंडिकेटर तसाच.

लेकीनं विचारलं, “आई, त्या आजी उतरत का नाहीयेत?”

मी म्हटलं, कुणाची तरी वाट बघत असतील. आणि गाडी काढून घरी आले. जाऊन काचेवर टकटक करायला हवं होतं. पन्नास पावलं होती. गेले नाही. मला भीती वाटली की त्या मला ओळखतील. त्यांनी ओळखलं नसतं हे मला आता कळतं, त्यांना फक्त दिवे दिसले असणार. त्या कोण होत्या, कुठे निघाल्या होत्या, मला आजपर्यंत माहीत नाही.

पहिली चूक त्यांची होती, यात वाद नाही. पण त्यांची चूक पहिल्या सर्कलवर संपली होती. दुसऱ्या सर्कलवरची व्हॅन माझ्या हॉर्ननं ओढवून आणली होती. मी आयुष्यभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधल्या आहेत. नोंदी उलट्या वाचत गेलं की बिघाड नक्की कुठून सुरू झाला ते कळतं. त्या रात्री नोंदी वाचल्या तर हाताला माझंच नाव लागलं.

तेव्हापासून माझं गाडी चालवणं बदललं. लगेच नाही. राग येतोच. पण आता लुकलुकते दिवे दिसले की मी एक गाडीभर मागे राहते आणि त्याला हवं ते करू देते. मुजोर घुसला तर त्यालाही जागा देते, कारण हिशोब केला तर माझं नुकसान एका गाडीच्या लांबीचं, म्हणजे दोन-तीन सेकंदांचं. आणि एक शोध असा लागला की घुसणारा मुजोर आहे की गोंधळलेला, हे ठरवायची गरजच नसते. ज्याला मी वर्षभर मुजोर समजत होते, त्या आमच्या गल्लीतल्या गृहस्थांना एका डोळ्यानं नीट दिसत नाही, हे त्यांच्या बायकोकडून कळलं. मग त्यांनी गाडी सोडली. काही जण मुजोर असतातच म्हणा. त्यांच्यासाठीही ब्रेक तोच.

तिथे दीड-दोन तासांवर स्विंडन नावाचं गाव आहे. १९७२ मध्ये तिथे फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेतून एक अजब सर्कल झालं. पाच छोटी सर्कल गोलाकार बसवलेली, आणि मधल्या सहाव्याभोवती गाड्या उलट्या दिशेनं फिरतात. उलटी प्रदक्षिणा. त्याला मॅजिक राउंडअबाउटच म्हणतात. मी मुद्दाम बघायला गेले. बाहेरून पाहिलं तर आता दंगल होणार असं वाटतं. पण आत शिरल्यावर प्रत्येक जण इतका घाबरलेला आणि इतका हळू की सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. मी तीन चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी मला हवा तो रस्ता सापडला. एकानंही हॉर्न दिला नाही. तेव्हा मला आपलं रविवार कारंजा आठवलं, आणि हेही आठवलं की आपल्याकडे कुणी कुणाकडे बघत नाही ते का. ज्यानं बघितलं त्यानं थांबायचं, असा अलिखित करार आहे. म्हणून सगळे सरळ समोर बघतात, जणू बाजूचा माणूस अस्तित्वातच नाही.

मी इथे कुणाला इंग्लंडचे धडे द्यायला उभी नाही. रेघेवर थांबून राहिलात तर इथे संध्याकाळपर्यंत उभे राहाल, मला माहीत आहे. हे सगळं आज बोलायचं कारण वेगळं आहे.

माझे बाबा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. निळ्या चेतकवर मला न्यायला यायचे, आणि मैदानावर आपलं आरएसपीचं संचलन चालू असलं तर फाटकाशी उभे राहून बघायचे. ते आता ७८ वर्षांचे आहेत. ॲक्टिव्हा चालवतात. २०२३ च्या जानेवारीत मी आले होते तेव्हा त्यांच्या मागे बसून भाजीला निघाले. घराजवळच्या सर्कलमध्ये शिरलो आणि बाबा मधोमध थांबले. पूर्ण थांबले. कुठे वळायचं ते त्यांना क्षणभर आठवेना. चाळीस वर्षांचा रस्ता. मागून एक मोटरसायकल आली, त्या मुलानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मग बाजूनं जाताना ओरडला, “ओ आजोबा, घरी बसा ना!”

बाबांच्या मानेमागची शीर मला दिसत होती. त्यांनी काही न बोलता गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली, आणि म्हणाले, “तू चालव.” मी चालवली. घरी येईपर्यंत दोघंही बोललो नाही. तो मुलगा वीस-बावीसचा असेल. त्याच्यावर मला चिडता आलं नाही. चिडायला तोंडच नव्हतं.

आता घरात वाद चालू आहे. दादा म्हणतो किल्ली काढून घेऊ. वहिनी म्हणते, किल्ली गेली की माणूस खचतो, तिच्या वडिलांचं तिनं पाहिलंय. डॉक्टर म्हणाले डोळे चांगले आहेत, बाकीचं तुम्ही ठरवा. मी दर वर्षी तीन आठवडे येऊन मत देऊन जाणारी, माझ्या मताला किती किंमत! तरी मला वाटतं की मोठं सर्कल त्यांनी सोडावं. सोडलंयही त्यांनी. सकाळी आठच्या आधी, मागच्या गल्लीनं, सर्कल एकच येईल असा रस्ता त्यांनी स्वतःच शोधलाय. किती दिवस, ते माहीत नाही.

आज सकाळी इथे मला सोडायला तेच आले. दादाची गाडी तयार होती, पण बाबा हेल्मेट घालून दारात उभे. मागे बसले. त्या एका सर्कलला आलो. बाबांनी इंडिकेटर लावला, आणि शिवाय उजवा हात बाहेर काढला, पूर्ण आडवा, तळवा पुढे. पी. टी.च्या सरांनी मैदानावर चुन्याचा चौक आखून आपल्याला शिकवला होता ना, अगदी तसा. मी दचकले, कारण असा हात मी रस्त्यावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. डावीकडून शहर बस आत शिरत होती. ती थांबली. हॉर्न नाही, काही नाही. बाबांनी सावकाश वळसा पूर्ण केला.

मी मागे वळून बसच्या ड्रायव्हरला हात केला. त्यानं पाहिला की नाही, कळलं नाही. काचेवर ऊन होतं.